पाळीच्या कळा आणि ताटातलं पथ्य

सोनारीच्या आसपास, परंडा तालुक्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात, पाळीत पोट दुखू लागलं की पहिला संशय ताटावर जातो. दही खाल्लं असेल, केळं खाल्लं असेल, हरभऱ्याचं वातूळ पिठलं बाधलं असेल. मग आंबट बंद, थंड बंद, ताक बंद. हल्ली मोबाइलवरून आलेलं नवं पथ्य त्यात मिसळलं आहे: गहू सोडा, दूध सोडा, रक्त तपासून न सोसणाऱ्या पदार्थांची यादी आणा. जुनं आणि नवं, दोन्ही पथ्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे, की दुखणं खाण्यातून येतं आणि खाणं बदललं की जातं. आहाराने कळा कमी-जास्त होऊ शकतात हे खरं आहे. पण बहुतेक वेळा त्या आहारातून उपजत नाहीत. हा फरक ध्यानात न घेतल्याची किंमत मराठवाड्यातल्या बायका मोजत आल्या आहेत.

कळा येतात त्या गर्भाशयातच. पाळीच्या सुमारास आतलं अस्तर सुटू लागतं तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आवळतात, रक्तपुरवठा काही क्षण तुटतो आणि कळ उठते. शेजारी आतडं आहे, त्यालाही ही रसायनं चाळवतात. म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी अनेकींना जुलाब होतात, पोट फुगतं, मळमळतं. आदल्या रात्रीच्या जेवणावर आळ येतो तो इथे. जेवण निर्दोष असूनही पोट बिघडलेलं असतं. दह्या-ताकाने किंवा केळ्याने कळा वाढतात याला आधार मिळालेला नाही. दुधातली साखर ज्यांना पचत नाही त्यांचं पोट दुधाने फुगतं आणि ओटीपोटाचा ताण वाढल्यासारखा वाटतो. पण अशांनाही दही-ताक बहुधा सोसतं, कारण विरजणात ती साखर काही प्रमाणात कमी झालेली असते.

मग आहाराचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो याच रसायनांतून जातो. प्रोस्टाग्लँडिन शरीरातल्या स्निग्धाम्लांपासून बनतात. ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्लं जास्त असली तर कमी तीव्र रसायनं तयार होतात. माशाच्या तेलाचे छोटे प्रयोग त्यामुळेच आशादायक ठरले. आपल्याकडे ओमेगा-३ मिळतं ते जवसातून, पण त्यातलं स्निग्धाम्ल शरीर फार थोड्या प्रमाणात माशातल्या प्रकारात बदलू शकतं. जवसाची चटणी भाकरीबरोबर रोज खावी, ती चांगलीच आहे, फक्त तिला औषध समजू नये. सुंठीचं तसंच. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत सुंठीची पूड घेतलेल्या मुलींना काही प्रयोगांत बरा आराम पडला. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये १९९६ साली ५५६ मुलींवरचा एक अभ्यास आला. रोज १०० मिलिग्रॅम ब-१ जीवनसत्त्व ९० दिवस घेतल्यावर ८७ टक्के मुलींच्या कळा पूर्ण थांबल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण २०१६ साली कॉक्रेन संस्थेने अशा २७ प्रयोगांचा, सुमारे ३,१०० स्त्रियांचा, एकत्र आढावा घेतला तेव्हा सुंठ, मेथी, माशाचं तेल, जस्त, ब-१ या सगळ्यांमागचा पुरावा कच्चाच निघाला. करून पाहायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून डॉक्टरांकडे जाणं टाळू नये.

तीव्र, वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्यामागे पुष्कळदा एंडोमेट्रिओसिस असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक बाहेर, बीजाशयावर, आतड्याला लागून वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना तो असतो. गव्हाबद्दलचा बोलबाला याच आजारातून आला. इटलीतल्या २०१२ च्या अभ्यासात २०७ स्त्रियांनी वर्षभर गहू व ग्लुटेन असलेलं सगळं सोडलं आणि ७५ टक्के जणींनी दुखणं कमी झाल्याचं सांगितलं. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. वर्षभर आशेने पथ्य पाळणाऱ्या कुणालाही थोडा आराम वाटू शकतो. गहू सोसत नाही म्हणणाऱ्या ५९ जणांवरची नॉर्वेतली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तीत त्रासाला ग्लुटेनपेक्षा गव्हातली फ्रुक्टान नावाची शर्करा अधिक जबाबदार दिसली. हीच शर्करा कांद्या-लसणातही असते. तशाच आतड्यात आंबणाऱ्या दुसऱ्या शर्करा तूर-हरभऱ्यात असतात. त्या कमी केल्यावर एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांच्या पोटाच्या तक्रारी घटतात, याचा पुरावा मात्र बऱ्यापैकी आहे. ऑस्ट्रेलियात ३५ जणींवर झालेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा आहारावर सुमारे ६० टक्के जणींना आराम पडला, तुलनेच्या आहारावर २६ टक्के जणींना. आराम पडला तो मुख्यतः आतड्याला. बाहेर वाढलेल्या ऊतकाच्या गाठी त्याने विरघळत नाहीत.

आता हे पथ्य सोनारीच्या चुलीवर आणून पाहा. कांदा, लसूण, तुरीचं वरण, पिठलं, चपाती, सगळं गेलं. उरली ज्वारीची भाकरी, जिच्यात ग्लुटेन मुळातच नाही. प्रथिनं कुठून येणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. तिथे दर महिन्याला रक्त जाणाऱ्या बाईच्या ताटातून डाळ काढणं मला धोक्याचं वाटतं. असा आहार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली चार-सहा आठवडेच करायचा असतो आणि मग एकेक पदार्थ परत घ्यायचा असतो. रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांवरून पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या तपासण्या तर करूच नयेत. तो पदार्थ तुम्ही खात आला आहात, एवढंच त्यातून कळतं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच त्या निदानासाठी निरुपयोगी ठरवल्या आहेत. कायमचं काही कमी करायचंच असेल तर ट्रान्सफॅट असलेलं वनस्पती तूप कमी करावं. अमेरिकेतल्या ७० हजारांवर परिचारिकांच्या अभ्यासात ट्रान्सफॅट सर्वाधिक खाणाऱ्यांमध्ये एंडोमेट्रिओसिसचं प्रमाण ४८ टक्क्यांनी जास्त दिसलं. कारण सिद्ध झालेलं नाही, पण ते सोडण्यात नुकसान काहीच नाही.

यावर काही जण म्हणतील, आजीच्या काळात बायका पथ्यानेच बऱ्या होत होत्या. पाळीच्या साध्या कळा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतात, वयाबरोबर आणि बाळंतपणानंतर बहुधा कमी होतात. त्या काळात जे पथ्य चालू असेल त्याला श्रेय मिळतं. ज्यांच्या कळा ओसरल्या नाहीत, त्यांनी त्या निमूट सोसल्या.

सोसण्याचा शेवट कुठे होतो ते शेजारच्या बीडने दाखवलं. तिथल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सोनारीतही साखर कारखाना आहे, आणि धाराशिव जिल्ह्यातूनही कोयता घेऊन टोळ्या जातात. पहाटेपासून फडात, पाळीत खाडा केला तर पैसे कापणार, शौचालय नाही. तिथे पोटदुखीवर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सोपा वाटतो. पण एंडोमेट्रिओसिसच्या गाठी बाहेर राहिल्या तर पिशवी गेल्यावरही दुखतं. बीजाशयं काढली तर तिशीतच हाडं ठिसूळ होऊ लागतात. साध्या कळांवर मेफेनॅमिक ॲसिडसारखी गोळी कळ सुरू होताच, जेवणानंतर, डॉक्टरांना विचारून घेतली तर प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखते. मात्र उन्हात पाणी न पिता काम करताना ती वरचेवर घेतली तर मूत्रपिंडाला धोका असतो.

तीन पाळ्यांत गोळीने फरक पडला नाही, शौचाला किंवा संबंधावेळी दुखलं, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत राहिलं, तर पथ्य बदलत बसू नका. परंड्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा, सोनोग्राफी करून घ्या. कुणी पिशवी काढायला सांगितली तर आजाराचं नाव कागदावर लिहून मागा आणि तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.