श्रेयांकाचे मोल : स्वस्त आणि शीघ्र ऑनलाइन अभ्यासक्रमांची कसोटी

पदवी हा उच्च शिक्षणाचा दृश्य दाखला होय. हा दाखला ज्या लहान लहान घटकांनी बनतो, ते घटक घरबसल्या, अल्प खर्चात आणि थोडक्या दिवसांत मिळविता येतात, असे सांगणाऱ्या जाहिराती आज खेड्यापाड्यांतील तरुणांच्या मोबाइलवरही दिसू लागल्या आहेत. शहरातील वसतिगृहाचा खर्च ज्यांना झेपत नाही, नोकरी वा शेती सांभाळून ज्यांना शिकावयाचे आहे, अशांना या सोयीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अशा अभ्यासक्रमांचे शैक्षणिक मूल्य किती आणि ते कशावरून ठरते, हे शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी व गावातील जाणत्या मंडळींनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. कारण चुकीची निवड झाल्यास गरीब विद्यार्थ्याचा पैसा तर जातोच, शिवाय आयुष्यातील एक-दोन वर्षेही वाया जातात.

श्रेयांक म्हणजे काय?

श्रेयांक हे अध्ययनाचे माप आहे. भारतात २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका शैक्षणिक वर्षाचे १,२०० अध्ययन-तास व ४० श्रेयांक धरण्यात आले आहेत. म्हणजे एका श्रेयांकामागे ३० तासांचे अध्ययन अपेक्षित आहे. यात व्याख्यान, प्रात्यक्षिक, स्वाध्याय, परीक्षेची तयारी या सर्वांचा समावेश होतो. तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक लागतात. या हिशेबाने तीन श्रेयांकांच्या विषयास ९० तास द्यावे लागतात. रोज दोन तास अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास त्यासाठी दीड महिना लागेल. तोच विषय कोणी दोन दिवसांत पुरा करून देत असेल, तर उरलेल्या तासांचे काय झाले, हा प्रश्न कोणाही सुजाण पालकास पडला पाहिजे.

अर्थात वेग हा स्वतः दोष नव्हे. ज्याने दहा वर्षे हिशेबनीस म्हणून काम केले आहे, त्यास प्राथमिक हिशेबशास्त्राचे पाठ झपाट्याने पुरे करता येणे शक्य आहे. त्याचे तास पूर्वीच खर्ची पडलेले असतात. अशा व्यक्तीची कसून परीक्षा घेऊन तिला श्रेयांक देणे न्याय्यच होय. अमेरिकेत १९६७ पासून केवळ परीक्षेच्या आधारे महाविद्यालयीन श्रेयांक मिळविण्याची एक योजना चालू आहे, ती याच तत्त्वावर. विषय नवखा, अवधी थोडा आणि परीक्षा सैल अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की मात्र श्रेयांकातील अर्थ निघून जातो.

अमेरिकेतील अनुभव

स्वस्त आणि शीघ्र श्रेयांकांचा व्यवहार अमेरिकेत विशेष वाढला. तेथे महाविद्यालयीन शुल्क अतिशय चढे असल्यामुळे, ठराविक मासिक वर्गणी घेऊन आपापल्या गतीने विषय पुरे करू देणाऱ्या खाजगी संस्था पुढे आल्या. यांपैकी अनेक संस्था स्वतः पदवी देत नाहीत. महाविद्यालयाबाहेर घेतलेल्या अशा शिक्षणाची छाननी करून ‘यास इतके श्रेयांक द्यावेत’ अशी शिफारस करण्याचे काम अमेरिकन शिक्षण परिषद १९७४ पासून करीत आहे. परंतु ही केवळ शिफारस असते. ती मान्य करावयाची की नाही, हे प्रत्येक महाविद्यालय आपले आपण ठरविते. म्हणून एका ठिकाणी ग्राह्य ठरलेला श्रेयांक दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी ठरू शकतो.

कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाचा २०१३ साली झालेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. ‘युडॅसिटी’ या कंपनीच्या सहकार्याने विद्यापीठाने पायाभूत गणित, बीजगणित व संख्याशास्त्र हे तीन विषय श्रेयांकासह ऑनलाइन शिकविण्यास आरंभ केला. शुल्क विषयास अवघे १५० डॉलर होते. पहिल्या सत्राचा निकाल निराशाजनक लागला. सर्वांत चांगला निकाल लागलेल्या संख्याशास्त्रातही विद्यापीठाचे सुमारे निम्मेच विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि पायाभूत गणितातील प्रमाण तर एकतृतीयांशाहून कमी होते. या विद्यार्थ्यांत पूर्वी गणितात अनुत्तीर्ण झालेले तसेच गरीब वस्तीतील शाळेचे विद्यार्थी होते. त्यांतील काहींच्या घरी संगणकाची सोयच नव्हती. जुलै २०१३ मध्ये विद्यापीठाने पुढील सत्रापुरता हा उपक्रम थांबविला.

याच वर्षीच्या उन्हाळी सत्रात मात्र संख्याशास्त्रात शेकडा ८० हून अधिक आणि बीजगणितात शेकडा ७० हून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्या सत्रातील निम्म्याच्या आसपास विद्यार्थी आधीच पदवीधर होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यास शिकण्याची सवय जडलेली आहे तो एकट्याने पडद्यासमोर बसूनही शिकतो. ज्याचा पाया कच्चा आहे त्यास शंका विचारावयास माणूस लागतो. स्वल्प शुल्काची गरज ज्यांना सर्वाधिक, त्यांनाच शिक्षकाच्या आधाराचीही गरज सर्वाधिक असते, हा या प्रयोगाचा धडा होय.

भारतातील व्यवस्था

भारतात ऑनलाइन श्रेयांकांची वाट शासनमान्य चौकटीतून घालून देण्यात आली आहे. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ या राष्ट्रीय ऑनलाइन व्यासपीठाचे उद्घाटन झाले. चित्रित व्याख्याने, वाचन-साहित्य, स्वयं-मूल्यमापन चाचण्या आणि शंकानिरसनासाठी चर्चा ही त्याची चार अंगे आहेत. अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतो. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरावे लागते. भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी चालविलेल्या ‘एनपीटीईएल’च्या परीक्षेस अलीकडच्या वर्षांत विषयामागे सुमारे १,००० रुपये पडत आले आहेत. तेथे अंतिम गुणांपैकी २५ टक्के साप्ताहिक स्वाध्यायास व ७५ टक्के परीक्षेस असतात. ही परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष उपस्थित राहून, पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली द्यावी लागते. स्वस्त असूनही या श्रेयांकास प्रतिष्ठा आहे, ती या कसोटीमुळे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांनी सत्रातील २० टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयम्’वरून घेण्यास मुभा दिली होती. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्के झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही श्रेयांक पेढी सुरू झाली. या पेढीत विद्यार्थ्याच्या नावे श्रेयांक जमा होतात, ते कमाल सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात आणि एका संस्थेतून दुसरीत जाताना उपयोगी पडतात. परंतु पेढीत श्रेयांक जमा करावयाचे ते संबंधित मान्यताप्राप्त संस्थेने. कोणत्याही खाजगी वर्गाचे प्रमाणपत्र विद्यार्थ्यास स्वतः तेथे नेऊन भरता येत नाही.

संपूर्ण पदवी ऑनलाइन घ्यावयाची असल्यास नियम निराळे आहेत. आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार पात्र ठरलेल्या संस्थाच अशा पदव्या देऊ शकतात आणि त्यांची यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या यांसारख्या विषयांच्या पदव्यांना ऑनलाइन पद्धतीने परवानगी नाही. पदवी देण्याचे काम मध्यस्थ कंपनीकडे सोपविण्यासही मनाई आहे.

चार प्रश्न

ऑनलाइन अभ्यासक्रमाची नोंदणी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. श्रेयांक देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे काय? अभ्यासक्रमाचे तास श्रेयांकांच्या संख्येशी जुळतात काय? परीक्षा देखरेखीखाली होते काय? आणि ज्या महाविद्यालयात हे श्रेयांक वापरावयाचे आहेत, त्याची संमती नोंदणीपूर्वीच लेखी मिळाली आहे काय? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. विषय उत्तम असला, गुणही चांगले मिळाले, परंतु महाविद्यालयाच्या विद्या परिषदेने तो विषय स्वीकारलेला नसेल, तर ज्ञान हाती राहते, श्रेयांक मिळत नाही.

स्थानिक पातळीवरील जबाबदारी

ऑनलाइन विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाने मार्गदर्शक समन्वयक नेमावा, तसेच संगणक, ग्रंथालय, प्रयोगशाळा या सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी अपेक्षा आयोगाच्या विनियमांतच आहे. ही तरतूद कागदावर राहू न देणे हे प्राचार्यांचे व शिक्षकांचे काम आहे. आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांना एकत्र बसवून त्या आठवड्याच्या स्वाध्यायाची चर्चा केली, तरी मधेच अभ्यास सोडणाऱ्यांची संख्या कमी होण्यास मदत होईल. व्याख्यानांची भाषा बहुधा इंग्रजी असते. काही विषयांचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे, तथापि अवघड संज्ञा मराठीत उलगडून सांगणारा शिक्षक जवळ असणे केव्हाही हितावह.

ग्रामपंचायतीही यात हातभार लावू शकतात. ज्या गावात पंचायत कार्यालयात इंटरनेटची जोडणी आहे, तेथे वाचनालयातील एक संगणक सायंकाळी विद्यार्थ्यांसाठी मोकळा ठेवता येईल. मान्यताप्राप्त संस्थांची यादी सूचनाफलकावर लावण्यास तर फारसा खर्चही येत नाही. नोंदणीसाठी पैसे भरण्यापूर्वी एखाद्या मुलीने वा मुलाने ती यादी पाहिली, तरी फसगतीचे कित्येक प्रसंग टळतील.

शिक्षण स्वस्त व्हावे आणि दूरवरच्या विद्यार्थ्याच्या दारी पोहोचावे, हे इष्टच आहे. परंतु त्यासाठी अध्ययनाचे तास, परीक्षेची कसोटी आणि शिक्षकाचा आधार यांपैकी काहीही कमी करून चालणार नाही. या तिन्ही गोष्टी शाबूत असतील, तर ऑनलाइन मिळविलेला श्रेयांक वर्गात बसून मिळविलेल्या श्रेयांकाच्या बरोबरीने पदवीत जमा होईल आणि त्यामागे विद्यार्थ्याने घेतलेले श्रम सार्थकी लागतील.