लग्न बोम्मसंद्र्याला, मोकळी दुपार एकच : वऱ्हाडी मंडळींनी बेंगळुरूत काय पाहावे

बेंगळुरू : लग्नपत्रिकेवर ‘बेंगळुरू’ असे छापलेले असते, प्रत्यक्षात कार्य असते बोम्मसंद्र्याला. शहराच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यालगत, आनेकल तालुक्यातील ही औद्योगिक वसाहत कारखान्यांसाठी आणि हृदयशस्त्रक्रियांच्या मोठ्या रुग्णालयासाठी ओळखली जाते. इलेक्ट्रॉनिक सिटी शेजारीच असल्याने तेथे नोकरी करणारी अनेक मराठी कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली आहेत. साहजिकच पुणे, सांगली, कोल्हापूर, नागपूरहून येणारे वऱ्हाड आता याच बाजूला उतरू लागले आहे. विमानतळ मात्र शहराच्या अगदी विरुद्ध, उत्तर टोकाला देवनहळ्ळीजवळ आहे. उतरल्याबरोबर ‘जाता जाता शहर पाहून घेऊ’ असा बेत आखणाऱ्या पाहुण्यांचा पहिला अर्धा दिवस रस्त्यावरच संपतो, तो यामुळे.

बेत आखण्यापूर्वी लग्नाचे वेळापत्रक समजून घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात स्वागत समारंभ बहुधा लग्नानंतर होतो. कर्नाटकातील अनेक लग्नांत तो आदल्या संध्याकाळी उरकतात आणि ‘धारे’चा, म्हणजे कन्यादानाचे उदक सोडण्याचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी असतो. वधू-वरांपैकी एक बाजू कन्नड असेल तर हाच क्रम गृहीत धरावा. केळीच्या पानावरचे जेवण आटोपले की पाहुण्यांच्या हाती उरते ती एक दुपार आणि संध्याकाळ. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी असेल तर आणखी एक सकाळ. एवढ्या वेळात म्हैसूर, नंदी टेकडी, राजवाडा आणि खरेदी असे सारे बसवण्याचा प्रयत्न दर लग्नात कोणीतरी करतो आणि त्याची गाडी सिल्क बोर्डच्या चौकात उभी असल्याचे दूरध्वनी मांडवात येत राहतात.

या पाहुण्यांसाठी गेल्या वर्षभरातील सर्वांत मोठा बदल म्हणजे मेट्रोची पिवळी मार्गिका. १० ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा असा सुमारे १९ किलोमीटरचा, १६ स्थानकांचा हा उन्नत मार्ग सिल्क बोर्डच्या कोंडीवरून जातो. आरंभी गाड्या अवघ्या तीन होत्या आणि दोन गाड्यांमध्ये २५ मिनिटांचे अंतर होते. गाड्या वाढत गेल्या तसे ते कमी झाले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास साधारण पाऊण तासाच्या आत होतो. आर. व्ही. रोड येथे हिरव्या मार्गिकेची गाडी पकडली की लालबाग, कृष्णराजेंद्र मार्केट, चिकपेटे, मॅजेस्टिक आणि मल्लेश्वरम ही सारी ठिकाणे एकाच रुळावर येतात. म्हणून या लेखातील शिफारशी बव्हंशी याच रेषेवरच्या आहेत. शहरातील अन्य स्थळे कमी प्रतीची आहेत असे नव्हे. एका दुपारीत ती गाठता येत नाहीत, एवढेच.

मराठी पाहुण्याने या रेषेवर प्रथम उतरावे ते कृष्णराजेंद्र मार्केट स्थानकावर. सकाळ मोकळी असेल तर येथील फुलबाजार पाहावा. पहाटेपासून मोगरा, शेवंती, झेंडू यांचे ढीग लागतात आणि शहरातील लग्नांचे हार येथूनच जातात. ज्या केशरी फुलाला कन्नडमध्ये ‘कनकांबरा’ म्हणतात आणि जे इथल्या प्रत्येक लग्नात केसांत दिसते, ती आपली अबोलीच. बाजाराच्या आसपास चालत जाण्याजोग्या अंतरावर जुन्या किल्ल्याचा उरलेला दगडी दरवाजा आणि टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आहे. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये बांधलेला किल्ला मातीचा होता. हैदर अलीने अठराव्या शतकात तो दगडात बांधला आणि १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने जिंकला. महालाचे काम हैदरने सुरू केले, टिपूने १७९१ मध्येच पुरे केले. लाकडी खांब आणि कमानींची ही दुमजली वास्तू अर्ध्या तासात पाहून होते.

किल्ल्याच्या उत्तरेला पसरली आहे ती ‘पेटे’. हा शब्द पुणेकराला समजावून सांगण्याची गरज नाही. अक्किपेटे म्हणजे तांदळाची पेठ, बळेपेटे बांगड्यांची, कुंबारपेटे कुंभारांची, चिक्कपेटे म्हणजे धाकटी पेठ. केंपेगौडा यांनी चार दिशांना नांगर धरून रस्त्यांची आखणी केली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आजही या गल्ल्यांतून मोटार नेणे शहाणपणाचे नाही; चिकपेटे स्थानकातून बाहेर पडून चालावे. रेशमी साड्यांची घाऊक दुकाने येथेच आहेत. रविवारी त्यांतील अनेक बंद असतात, हे रविवारच्या मुहूर्ताला आलेल्यांनी ध्यानात ठेवावे. आजीच्या पेटीतील ‘इरकल’ ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते ते इळकलही कर्नाटकातच, बागलकोट जिल्ह्यात आहे. दुकानदाराला तसे सांगितले की बोलणे वाढते आणि कधी कधी भावही उतरतो.

याच पेटेशी महाराष्ट्राच्या इतिहासाचा एक धागा जोडलेला आहे आणि शहरातील पर्यटकांच्या नेहमीच्या याद्यांत तो क्वचितच आढळतो. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने तिसऱ्या केंपेगौडाकडून बेंगळुरू घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते आणि पुढे हे शहर त्यांच्या कर्नाटकातील जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. चिक्कपेटेत ‘गौरी महाल’ नावाच्या वाड्यात त्यांचे वास्तव्य होते, असे परंपरा सांगते. आज त्या वाड्याची खूण नाही. बालशिवाजी आणि जिजाबाई हे १६४० च्या सुमारास काही काळ येथे होते, असे इतिहासकार मानतात. शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या संस्कृत ग्रंथात आले असून, तो ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संपादित करून प्रकाशात आणला. अनेक भाषांचे कवी एकाच दरबारात आपापली रचना सादर करीत, असे त्यात दिसते. सीमाप्रश्नाच्या बातम्यांतूनच कर्नाटक ओळखणाऱ्या पिढीला हे चित्र अनोळखी वाटण्याची शक्यता आहे.

शहाजीराजांनंतर जहागीर त्यांचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे आली. तंजावरला गादी स्थापल्यानंतर त्यांना इतक्या दूरचे ठाणे राखणे अवघड झाले. १६८७ मध्ये मोगलांच्या फौजेने बेंगळुरू घेतले आणि ३ लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्या हाती गेले. जवळजवळ अर्धशतकाच्या मराठी अमलाची वाड्यांच्या रूपाने खूण उरली नसली, तरी एक देऊळ आहे.

ते पाहण्यासाठी हिरव्या मार्गिकेने मॅजेस्टिकच्या पुढे, मंत्री स्क्वेअर संपिगे रोड स्थानकावर उतरावे. तेथून रिक्षाने काही मिनिटांत काडु मल्लेश्वर मंदिर येते. ‘काडु’ म्हणजे रान. सतराव्या शतकात हे देऊळ खरोखरच रानात होते. परिसरातील १६६९ च्या शिलालेखात व्यंकोजींनी मल्लपूर येथील मल्लिकार्जुन देवाला एक गाव इनाम दिल्याची नोंद आहे. मल्लेश्वरम या वसाहतीचे नाव याच देवावरून पडले. वसाहत स्वतः मात्र पुष्कळ नंतरची. १८९८ च्या प्लेगनंतर गजबजलेल्या पेटेबाहेर लोकांना मोकळी जागा मिळावी म्हणून ती आणि बसवनगुडी वाढवण्यात आली. मंदिरासमोर नंदीतीर्थ आहे. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडत राहते. हे स्थान मातीखाली गाडले गेले होते आणि १९९७ मध्ये उघडकीस आले. दुपारी मंदिर बंद असते, त्यामुळे जेवणानंतर निघून आधी चिकपेटे आणि संध्याकाळी मल्लेश्वरम हा क्रम सोयीचा. दर्शनानंतर संपिगे रस्त्यावरची फुले, फळे आणि लोण्याचा डोसा यांत तासभर सहज जातो.

वृद्ध पाहुणे आणि लहान मुले बरोबर असतील तर पेटेच्या गर्दीऐवजी लालबाग निवडावी. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली ही बाग सुमारे २४० एकरांची आहे आणि तिचे नावाचे स्थानक आर. व्ही. रोडपासून दुसरेच आहे. काचघराची पायाभरणी १८८९ मध्ये झाली. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास होणाऱ्या पुष्पप्रदर्शनात येथे पाय ठेवायला जागा नसते. बागेतील उघड्या खडकाचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे सांगतात. त्यावर चढून संध्याकाळचे शहर पाहणे प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते काचघरापेक्षा सरस आहे. जवळच १९२४ पासून चालत आलेले एमटीआर उपाहारगृह सोमवारी, तर गांधी बाजारातील १९४३ चे विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद असते. गांधी बाजाराच्या पलीकडील भागातच मराठी घरातील शिवाजीराव गायकवाड वाढले. बसवाहकाची नोकरी सोडून ते चेन्नईला गेले आणि रजनीकांत झाले.

विधानसौध ही १९५६ ची भव्य इमारत जांभळ्या मार्गिकेवर असून मॅजेस्टिकला गाडी बदलावी लागते. रविवारी संध्याकाळी तिच्यावर रोषणाई असते. एरवी बाहेरून छायाचित्र काढून पुढे जाणे पुरे.

शहरात शिरायचेच नसेल तर बोम्मसंद्र्याहून जिगणीमार्गे बन्नेरघट्टा प्राणिसंग्रहालय आणि सफारी जवळ पडते. मंगळवारी ते बंद असते. जवळच्या हुस्कूर येथे मार्चच्या सुमारास मद्दूरम्मा देवीची जत्रा भरते. गावोगावचे प्रचंड उंच रथ ओढत आणले जातात. २०२५ मध्ये वादळी वाऱ्याने रथ कोसळून जीवितहानी झाली होती. पाहायचेच तर दुरून पाहावेत.

म्हैसूर सुमारे १४५ किलोमीटरवर आहे. द्रुतगती मार्ग झाला असला तरी त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. मुहूर्ताच्या किंवा स्वागत समारंभाच्या दिवशी तो विचार करू नये. नंदी टेकडी शहराच्या पलीकडे, विमानतळाच्याही पुढे आहे. सूर्योदय पाहायचा तर बोम्मसंद्र्याहून मध्यरात्रीनंतर लगेच निघावे लागेल.

कोल्हापूर-सांगलीकडे मोटारीने परतणाऱ्यांना मात्र वाटेत एक वळण घेता येईल. राष्ट्रीय महामार्ग दावणगेरेवरून जातो. त्याच जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे हे गाव आहे. २३ जानेवारी १६६४ रोजी शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा तेथे मृत्यू झाला. त्यांची समाधी गावाजवळ आहे.