भंगारात देण्याआधी जीप पाहा

शेतकरी बंधूंनो, गोठ्यामागे गंजत पडलेली जुनी जीप वजनावर विकण्याआधी तिच्या तोंडाकडे नीट पाहा. पुढच्या जाळीला नऊ खाचा असल्या तर ती दुसऱ्या महायुद्धातली, १९४१ ते १९४५ मधली असण्याचा संभव आहे. सात खाचांची नंतरची. मग रेडिएटरखाली वाकून चासीचा आडवा दांडा पाहा. गोल नळी असली तर विलिस, उलट्या पन्हळीसारखा असला तर फोर्ड. फोर्डच्या बोल्टांवर ‘एफ’ अक्षरही असते. हौशी मंडळी हेच शोधत फिरतात!

रंग खरवडू नका; खाली लष्करी क्रमांक सापडतात. सोबत जुना लष्करी रेडिओ असला तर त्याच्या तबकडीला मुलांना हात लावू देऊ नका. आकडे अंधारात दिसावेत म्हणून त्या काळी रंगात रेडियम घालीत. चमक विझली तरी रेडियम उरतेच. ते निम्मे व्हायला १,६०० वर्षे लागतात.