मुलांना सावकाशी शिकवा

“लवकर आटप”, “पटकन जेव”, “पळ, उशीर झाला”. सकाळपासून आपण मुलांना हेच सांगत असतो. मग गुरुजींकडून तक्रार येते, की मुलाचे कशातच लक्ष लागत नाही. लक्ष लावणे हीसुद्धा शिकवावी लागणारी गोष्ट आहे. तिचा चांगला पाठ आपल्याच जिल्ह्याने घालून दिला आहे.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. पुढे डॉ. झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम तयार केला. सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने तो चालवला. हीच नई तालीम. हाताच्या कामातून सर्व विषय शिकवायचे, हे तिचे सूत्र.

त्या शिक्षणात टकळीला मोठे स्थान होते. एका हाताने टकळीला गिरकी द्यायची, दुसऱ्या हाताने पेळूतून धागा सोडायचा. घाई केली की सूत तुटते. मन भरकटले की ते कुठे जाड, कुठे बारीक येते. कोणी रागवावे लागत नाही. चूक सूतच दाखवते. तार मोजताना गणितही होते. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुले शेती, स्वयंपाक आणि सूतकताई करीत शिकतात.

घरी टकळी नसेल तर कपाशीचे वावर आहे. पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी कपाशी फुलावर येते. तेव्हा आठवड्यातून एकदा मुलाला सोबत घ्या आणि एका ओळीतील दहा झाडे दाखवा. प्रत्येक फूल नीट पाहायला सांगा. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल म्हणजे डोमकळी. तिच्यात गुलाबी बोंडअळी असते. २०१७ साली या अळीने विदर्भात केलेले नुकसान आपण विसरलेलो नाही. धावत्या नजरेला डोमकळी दिसत नाही. थांबून पाहणाऱ्याला दिसते. सापडली की तोडून नष्ट करा, आणि ती कोणी शोधली हे घरी सर्वांना सांगा. मात्र फवारणी झालेल्या वावरात मुलांना मुळीच नेऊ नका.

घरातही हे जमते. संध्याकाळी आजीजवळ बसून वाटीभर डाळ निवडू द्या. झोपण्यापूर्वी दोन मिनिटे डोळे मिटून कोणकोणते आवाज आले ते विचारा.

चार गोष्टी सांभाळा. एका वेळी एकच काम द्या. ते दहा-पंधरा मिनिटांचेच असू द्या. शाळा बुडवून किंवा शिक्षा म्हणून नको. आणि तेवढा वेळ आपणही मोबाईल बाजूला ठेवून शेजारी बसा. पेरलेले बी कोणी रोज उकरून पाहत नाही. मुलांच्या बाबतीतही तेवढाच धीर धरा.