न्यू हेवनचे वार्तापत्र : आजोबांची रायफल आणि वारसाची पात्रता

न्यू हेवन (कनेक्टिकट) : दिवाळीच्या सुमारास अकोला-अमरावतीकडच्या जिनांत कापूस येऊ लागतो, त्याच दिवसांत अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू असतो. या दोन गोष्टींचा धागा न्यू हेवनमध्ये जुळतो. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र बनवणाऱ्या एलाय व्हिटनीने पुढे याच परिसरात बंदुकांचा कारखाना काढला आणि १८८८ मध्ये तो विंचेस्टर कंपनीने घेतला. विंचेस्टरची ओळख म्हणजे लिव्हर-ॲक्शन रायफल. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, वर घेतली की नवे काडतूस नळीत चढते. तिची पूर्वज असलेली १८६० ची हेन्री रायफल अमेरिकेच्या यादवी युद्धात वापरली गेली. त्याच युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आणला. आज अमेरिकी कुटुंबात नातवंडांसाठी म्हणून एखादी रायफल घ्यायची ठरली, तर पुष्कळदा लिव्हर-ॲक्शनच निवडली जाते. माझ्या मते ही निवड योग्य आहे, पण अर्धवट आहे.

योग्य अशासाठी, की वारशाची वस्तू नेहमीच्या वापरातली असावी. विंचेस्टरचे १८९४ चे मॉडेल जॉन ब्राउनिंगने घडवले आणि ते सत्तर लाखांहून जास्त विकले गेले. इथला कारखाना २००६ मध्ये बंद पडला, तरी या रायफलीचे 'थर्टी-थर्टी' काडतूस आजही सहज मिळते. हौशी संग्राहक १९६४ पूर्वीची रायफल शोधतात, कारण त्या वर्षी खर्च वाचवायला घडणीत काटछाट झाली. पण दुर्मीळ नग काचेच्या कपाटात जातो आणि कपाटातली वस्तू घरात कोणालाच हाताळता येत नाही. त्याहून १९४८ मध्ये आलेले मार्लिन कंपनीचे ३३६ मॉडेल बरे. जुन्या विंचेस्टरमधून रिकामे काडतूस वरून उडते, त्यामुळे दुर्बीण बसवणे अवघड जाते. मार्लिनमध्ये ते बाजूने पडते. म्हणजे नजर मंदावलेल्या आजोबांना आणि नव्याने शिकणाऱ्या नातीला एकच रायफल चालते. तिचे गुण-दोष वापरातूनच कळतात : काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, मागच्याचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकते, म्हणून टोकदार गोळीची नेहमीची काडतुसे त्यात भरायची नसतात. एवढी साधी गोष्ट वारसाला ठाऊक नसली, तर वारसा घातक ठरतो.

यावर आक्षेप येतो, की जीव घेणारी वस्तू वारसा म्हणून द्यावीच का? तो झटकून टाकण्यासारखा नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. निराशेच्या घटकेला घातक वस्तू हाताशी असणे किती महागात पडते, हे कीटकनाशके कुलपात ठेवा असे सांगत फिरावे लागणाऱ्या वऱ्हाडाला समजवायला नको. लिव्हरची रायफल जुन्या घडणीची, म्हणून निरुपद्रवी, हा युक्तिवाद इथे टिकत नाही. दुसरा आक्षेप असा, की हे सारे चित्रपटांनी रंगवलेले काउबॉयचे वेड आहे. काही अंशी आहेच. पण १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या तुकडीच्या एकबारी बंदुकांसमोर मूळनिवासी योद्ध्यांच्या हातीही हेन्री आणि विंचेस्टर होत्या. नातवंडांना रायफल द्यायची, तर तिच्याबरोबर हा इतिहासही पूर्ण द्यावा लागतो.

निवड अर्धवट ठरते ती इथेच : रायफल निवडली जाते, वारस तयार केला जात नाही. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने रायफल ही मालमत्ता आहे. मृत्युपत्राने ती दुसऱ्या राज्यातल्या वारसाकडेही जाऊ शकते, बंदूक बाळगण्यास त्याला मनाई नसली म्हणजे झाले. आपल्याकडे दसऱ्याला पुजली जाणारी वाडवडिलांची बंदूकही परवान्यावर असते आणि वारसाला स्वतःचा परवाना काढावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाने आलेली धरूनही दोनच शस्त्रे ठेवता येतात. रोही आणि रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याला हा कागदी खटाटोप जाचक वाटतो आणि त्याची तक्रार खरी आहे. तरी २०१६ च्या शस्त्र नियमांत एक शहाणपण आहे : परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, की हयातीतच वारस नेमून त्याच्यासाठी परवाना मागता येतो. म्हणजे देणारा जवळ बसून शिकवू शकतो. अमेरिकी कुटुंबांनी कायद्याची वाट न पाहता हेच करावे. मृत्युपत्रात रायफलीचा क्रमांक लिहिता येतो. हाती घेताच ती रिकामी आहे का हे पाहण्याची सवय मात्र आजोबांच्या शेजारी बसूनच लागते.