शॅसी क्रमांक ५७५०२
आल्सासमधील मोल्सहाइमच्या कारखान्यात १९३७ साली सिद्ध झालेली, ३.३ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाची ही बुगाटी ५७ एस अटलांट प्रथम ज्यांच्या मालकीची झाली, ते अर्ल हाउ १९३१ च्या ल मां शर्यतीचे सहविजेते होते. पुढच्या काचेच्या खांबांवर त्यांनी बसवून घेतलेले आरसे आणि मागची सामानाची जाळी अखेरपर्यंत जागच्या जागी राहिली, आणि गाडीच्या अस्सलपणाची याहून खात्रीची सनद मला दुसरी दिसत नाही. १९५५ साली न्यूकॅसलच्या एका शल्यचिकित्सकाने ती खरेदी केली, काही वर्षे हौसेने चालवली व पुढे गॅरेजमध्ये जी उभी केली, ती २००७ साली त्याचे निधन होईपर्यंत हलली नाही. वारसांच्या वतीने २००९ च्या फेब्रुवारीत पॅरिसला लिलाव पुकारला गेला, तेव्हा मीटरवर अवघ्या २६,२८४ मैलांची नोंद होती. किंमत सुमारे ३४ लाख युरो आली.