पायांच्या मुंग्या : दुखणे सांगावे कसे, ऐकावे कसे

इंदूर शहरातून उत्तरेकडे सांवेरमार्गे उज्जैनकडे जाणारा सांवेर रोड हा आज कारखान्यांचा रस्ता म्हणून ओळखला जातो. यंत्रांपुढे तासन् तास उभे राहून काम करणाऱ्यांना संध्याकाळी पाय भरून येणे, पोटऱ्या दुखणे नवीन नाही. त्यामुळे पायांना मुंग्या येतात अशी तक्रार कोणी केली, तर “उभे राहून राहून होणारच” असे म्हणून ती सोडून दिली जाते. रुग्णही मलम चोळून गप्प बसतो. थकव्याचे दुखणे विश्रांतीने उतरते. रात्रीच्या झोपेनंतरही जे उरते व आठवड्यागणिक वाढते, त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

मुंग्या पायांनाच प्रथम का?

शरीरातील सर्वांत लांब चेतातंतू कमरेपासून पायांच्या बोटांपर्यंत पोचतात. त्यांचे पोषण वरून खालपर्यंत होत असल्याने त्यात बिघाड झाला की टोकाचा भाग आधी पीडित होतो. म्हणूनच अनेक विकारांत मुंग्या, जळजळ किंवा बधिरता दोन्ही पायांच्या बोटांत सुरू होऊन हळूहळू वर सरकते. मधुमेह हे याचे प्रमुख कारण होय. दूध, अंडी, मांस यांतून मिळणाऱ्या ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, दीर्घकाळचे मद्यपान, तसेच क्षयरोगावरील आयसोनियाझिडसारखी काही औषधे हीही कारणे आहेत. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ब-१२ कमी होऊ शकते. मात्र कोणतेही औषध रुग्णाने आपण होऊन बंद करू नये.

कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो व ही औषधे शासनातर्फे मोफत मिळतात. एकाच पायात कमरेपासून कळ येत असेल, तर दोष बहुधा मणक्याजवळ असतो. चालताना पोटरी दुखून थांबताच बरे वाटत असेल, तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी. तंबाखू ओढणाऱ्यांत हे विशेष आढळते.

धंदा विचारावा

इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी इ. स. १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहून, प्रत्येक रुग्णाला त्याचा धंदा विचारावा असा आग्रह धरला. सांवेर रोडसारख्या वसाहतींत हा प्रश्न आजही तितकाच मोलाचा आहे. काही गोंदांत व द्रावकांत असणाऱ्या हेक्झेनची वाफ बंदिस्त जागेत दीर्घकाळ हुंगल्यास पाय बधिर व दुर्बल होतात. शिशामुळेही चेतातंतूंस इजा होते. कामगाराने आपण कोणते पदार्थ हाताळतो, हे न विचारताही सांगावे.

तपासणीत काही निघाले नाही तर?

येथेच रुग्णाची सर्वाधिक उपेक्षा होते. बारीक तंतूंचा विकार असल्यास चेतातंतूंच्या वहनाची नेहमीची चाचणी निर्दोष येऊ शकते. रात्री आडवे होताच पाय हलवल्यावाचून राहवत नाही आणि चालले की बरे वाटते, अशीही एक व्याधी आहे. स्वीडनचे डॉक्टर एकबोम यांनी १९४५ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. लोहाची उणीव, गरोदरपण व मूत्रपिंडाचे विकार यांत ती अधिक दिसते. अहवाल निर्दोष आहे एवढ्यावरून दुखणे खोटे ठरत नाही.

दवाखान्यात जाताना

‘पाय दुखतात’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. त्रास केव्हापासून आहे, एका पायात की दोन्हीत, कोठून सुरू झाला व कोठवर आला, रात्री वाढतो की चालताना, आहार, व्यसन, चालू औषधे व काम कोणते, हे कागदावर लिहून न्यावे. लिहिता न येणाऱ्यास गावातील शिक्षकाने साहाय्य करावे. रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, ब-१२, शरीरातील लोहाचा साठा, थायरॉईड व मूत्रपिंड यांच्या तपासण्या आवश्यक आहेत काय, हे डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. त्रास कायम राहिल्यास तोच कागद घेऊन पुन्हा जावे व मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागावी.

विलंब नको

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे या विकाराची साथ उद्भवली. या विकारात अनेकदा प्रारंभी पायांना केवळ मुंग्या येतात, मग काही दिवसांतच दुर्बलता वर चढते आणि श्वासही अडू शकतो. जुलाबानंतर पायांतील शक्ती झपाट्याने कमी होत असेल, लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मुंग्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्या रुग्णाच्या शब्दांतूनच कळतात. रुग्णाने ते शब्द नेमके सांगावेत आणि ऐकणाऱ्याने ते पूर्ण ऐकून घ्यावेत. वेळीच कारण कळले, तर पुष्कळ पाय पुन्हा पूर्ववत चालू लागतात.